लिनो कोरणं म्हणजे वेळेचा खून म्हणे!

शाईबोट
परवा एका महाशयांनी लिहिलं: "इलस्ट्रेशनच्या मुलांना तीन आठवडे लिनो कोरायला लावणं म्हणजे वेळेचा खून. टॅबलेटवर लिनोचा ब्रश मिळतो, दहा मिनिटांत तोच इफेक्ट." तेव्हा गप्प बसले. आता राहवत नाही.

मी तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या ब्लॉकवर (म्हणजे लिनोचा जाड तुकडा: कोरायचा, शाई लावायची, कागदावर छापायचा) एका आजीचा चेहरा होता. पेन्सिलीने हौसेने भरपूर सुरकुत्या काढल्या आणि बारीक व्ही गाऊज, म्हणजे व्ही आकाराच्या पात्याची कोरणी, घेऊन बसले. निम्म्यावर आल्यावर कळलं की आजी कुठेच नाही, चुरगळलेला कागद झालाय. कोरलेलं परत भरता येत नाही. दुसऱ्या ब्लॉकवर नऊच सुरकुत्या ठेवल्या, पण त्या नऊ कोणत्या हे ठरवायला दोन दिवस गेले. तुमच्या ब्रशने मला हे ठरवायला लावलं असतं?

शिवाय इथे आपण काळं काढत नाही, पांढरं काढतो: कोरलं ते पांढरं राहतं, उरलेल्यावर शाई लागते. हे डोक्यात शिरायलाच आठवडा जातो. नंदलाल बोसांचं १९३० चं गांधीजींचं लिनोकट बघा. काळ्यावर मोजक्या पांढऱ्या रेघा, हातात काठी, आणि माणूस चालतोय!

अर्धवट_रेघ
ते महाशय मीच. अकरा वर्षं पुस्तकांची चित्रं काढून पोट भरतोय, म्हणून थोडं बोलतो. संपादकांचा निरोप येतो, "मुलीचे केस जरा दाट करा, शुक्रवारपर्यंत." कोरून पांढरे केलेले केस दाट कसे करणार? नऊ सुरकुत्या पेनानेही निवडता येतात, त्याला तीन आठवडे लागत नाहीत.

आणि हो, कॉलेजात माझ्या डाव्या अंगठ्यात गाऊज घुसला होता. तीन टाके. सर धावत आले ते ब्लॉक उचलायला, त्यावर रक्त पडू नये म्हणून!

काजळी
टाके लिनोमुळे नाही पडले, डावा हात पात्यासमोर ठेवल्यामुळे पडले. टेबलाच्या कडेला अडकणारी फळी असते, तिला ब्लॉक टेकवायचा आणि दोन्ही हात पात्याच्या मागे. गार लिनो कडक असतो, त्यात बोथट गाऊज हमखास घसरतो. थोडा वेळ उन्हात ठेवा, लोण्यासारखा कापला जातो. अंगठ्याचा राग अकरा वर्षं पोसू नये.

बाकी हल्ली मुलं तो मऊ गुलाबी रबराचा तुकडा कोरून "लिनोकट" म्हणून मिरवतात, त्याबद्दल कोणी का बोलत नाही? लिनो म्हणजे जवसाचं तेल, राळ, कॉर्कचा भुसा आणि पाठीला तागाचं कापड. तो वास आला नाही तर...

शाईबोट
काजळीताई, पहिल्या वर्षी आम्हाला रबरच दिलं होतं, माफ करा. :) माझं खरं दुःख वेगळंच आहे. मुखपृष्ठावर "दिवा" कोरायचं होतं. छापल्यावर सगळं उलटं होतं म्हणून अक्षरं उलटी काढली, क्रमही उलटा. फक्त वेलांटी सवयीने द च्या डावीकडे, सुलटीच राहिली. शाई लावली, चमच्याची पाठ अर्धा तास घासली, कागद उचलला तर "दीवा"! वीस प्रती छापून झाल्यावर मैत्रिणीने दाखवलं.

वेलांटीवीर
यात चूक काय? दीप दीर्घ, मग दीवाही दीर्घच हवा. तुमच्या लिनोला तुमच्यापेक्षा जास्त व्याकरण येतं.

काजळी
दीप तत्सम, दिवा मराठी. मराठी शब्दात शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर त्याआधीची वेलांटी ऱ्हस्व. किडा, पिसा, दिवा. शाळेत होतात का त्या दिवशी?

वेलांटीवीर
नियम समितीने केले, भाषेने नाही. आणि शाळा काढायची गरज नव्हती. मी निवृत्त मुद्रितशोधक आहे, तुमच्यासारख्यांच्या चुका काढण्यात उमर गेली.

काजळी
मुद्रितशोधक आणि "दीवा"? मग पुस्तकांची अवस्था का अशी आहे ते समजलं.

अर्धवट_रेघ
अहो, लिनो! लिनोवर बोलत होतो आपण. टॅबलेटवर एक बटण दाबलं की चित्र उलटं होतं, वेलांटीसकट. इतकंच म्हणणं होतं माझं.

काजळी
ट्रेसिंग पेपर पालथा घातला तरी होतं. आणि दुरुस्ती जमत नाही म्हणून रडायचं, तर पिकासोने सत्तरी ओलांडल्यावर एकाच ब्लॉकमधून रंगीत लिनोकट काढले. एक रंग छापायचा, त्याच ब्लॉकवर आणखी कोरायचं, पुढचा रंग. सगळ्या प्रती पहिल्याच रंगाला छापून ठेवाव्या लागतात, कारण मागे जायला ब्लॉकच उरत नाही. त्याला नाही वाटलं वेळेचा खून.

अर्धवट_रेघ
पिकासोला शुक्रवारपर्यंत कोणी मागितलं नव्हतं.

बरं, एक सांगूनच टाकतो. मी जो ब्रश वापरतो तो विकतचा नाही. पांढऱ्या भागात गाऊजच्या कडा राहून जातात आणि शाई पकडतात ना, ते काळे ओरखडे विकतच्या ब्रशमध्ये सगळीकडे सारखेच येतात, चित्र मेल्यासारखं दिसतं. म्हणून कॉलेजातल्या जुन्या ब्लॉकचा ठसा स्कॅन करून ब्रश बनवला. तोच, टाक्यांवाला. आता खुशाल हसा. पण तीन आठवडे जास्तच आहेत, एक पुरे.

शाईबोट
दोन.

काजळी
म्हणजे सरांनी धावत येऊन ब्लॉक वाचवला ते बरंच झालं म्हणायचं.

वेलांटीवीर
त्या वीस प्रती फेकल्या नसतील तर एक मला हवी आहे. "दीवा" असलेलीच.