अनुभव धागा: पहिला कॅमेरा ड्रोन, खिशाला झेपेल असा

धागाकर्ता, चोपडा
राम राम मंडळी. एक साधा कॅमेरा ड्रोन घ्यायचाय, हौसेपोटी. बजेट पंधरा हजार, ताणून वीस. लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या नाहीत, चॅनल काढायचं नाही. तापीचा पट्टा, आमची केळी, पावसाळ्यात हिरवागार झालेला सातपुडा वरून बघायचा, बस. ऑनलाइन शोधायला गेलं की अठराशे रुपयांपासून ‘४के’ लिहिलेले खोके दिसतात आणि साठ हजारांच्या ड्रोनवरही ‘४के’च लिहिलेलं असतं. फरक नेमका कशात? ज्यांनी स्वतः उडवलाय त्यांनी लिहा: काय घेतलं, कुठे उडवता, काय त्रास झाला, पुन्हा घ्यायचा तर काय बघाल. जाहिराती नकोत.

जळगाव, शाळेत शिकवतो
खोक्यावरच्या ४के वर जाऊ नका. माझ्याकडे घडीचा, तीन हजारांच्या आतला आहे. ॲपच्या पडद्यावरही ४के असं चमकत असतं. व्हिडिओ गॅलरीत उघडून त्याची माहिती पाहिली तर १२८० बाय ७२० ठिपके, म्हणजे ४के च्या जवळपासही नाही. फोटो मोठ्या आकाराचा निघतो, पण तो ॲपने ताणलेला. झूम केला की निंबाची पानं हिरव्या डागांसारखी दिसतात. या जातीत मेमरी कार्ड नसतं, चित्र वायफायवरून फोनमध्ये येऊन साठतं. ड्रोन लांब गेला की व्हिडिओ अडखळतो, आणि तो तसाच अडखळलेला कायमचा राहतो.

आणखी एक, जे खोक्यावर कोणी लिहीत नाही. यातल्या मोटरी ब्रश असलेल्या, म्हणजे खेळण्यातल्या गाडीत असतात तशा. झिजतात. एक मोटर दमली की ड्रोन त्या कोपऱ्यावर झुकतो आणि रिमोटवरून कितीही ट्रिम करा, म्हणजे तोल जुळवा, सरळ राहत नाही. जाहिरातीत ‘ब्रशलेस’ शब्द दिसला तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

पण हे खेळणं वाया गेलं असं मी म्हणणार नाही. ड्रोनचं तोंड आपल्याकडे असताना डावं-उजवं उलटं होतं. ते बोटांना कळायला वेळ लागतो, आणि तो वेळ स्वस्तातल्या ड्रोनवर घालवलेला बरा. ‘हेडलेस मोड’ (ड्रोनचं तोंड कुठेही असो, डावं-उजवं आपल्याच बाजूचं धरणारी सोय) मात्र बंद ठेवूनच शिका, नाहीतर ती सवय पुढे नडते.

सावदा, केळीवाला
सरांचं बरोबर, पण शेतात उडवायचा असेल तर खेळण्यावर पैसे घालूच नका. सविस्तर सांगतो, कारण धागाकर्ते भाऊंचीही केळीच आहे.

जीपीएस नसलेले बरेच ड्रोन ‘ऑप्टिकल फ्लो’वर उभे राहतात. पोटाखाली एक बारीक कॅमेरा असतो, तो जमिनीवरची नक्षी बघत राहतो आणि नक्षी सरकली की ड्रोन स्वतःला सावरतो. खळ्यात, अंगणात एकदम झकास. केळीच्या वर नेला की गडबड. खाली सगळी पानं, आणि ती वाऱ्याने हलणार. पानं पूर्वेला झुकली की त्याला वाटतं आपणच पश्चिमेला सरकलो, मग तो सावरायला म्हणून पूर्वेला निघतो. बघता बघता शेजाऱ्याच्या बागेत. वाढलेल्या केळीत पडलेला ड्रोन शोधणं काय असतं ते केळीवाल्यालाच माहीत: खाली अंधार, ठिबकच्या नळ्या, वाळलेली पानं, आणि ड्रोनचा रंगही नेमका करडा. पाण्यावरही हाच प्रकार. तापीवर नेणार असाल तर लक्षात ठेवा.

पुढचा मी जीपीएसवाला घेतला, दुसऱ्या हाताचा. चालू केल्यावर पुरेसे उपग्रह सापडेपर्यंत थांबायचं, ‘होम पॉइंट’ म्हणजे परत यायची जागा नोंदली गेली असं ॲपने सांगितलं की मगच उचलायचा. घाई केली तर परत कुठे यायचं हेच त्याला ठाऊक नसतं. आणि आपोआप परत येतानाची उंची आधी भरून ठेवा. तो आपल्याकडे सरळ रेषेत येतो. मधे निंब आहे की विजेचा खांब, हे साध्या ड्रोनला दिसत नाही. माझ्या बांधावरून लाइन गेलीय म्हणून मी ही उंची खांबाच्या बरीच वर ठेवतो.

भुसावळ, रेल्वेत
इथे उन्हाबद्दल कोणीच बोललं नाही? माझ्या ड्रोनच्या माहितीपुस्तकात ० ते ४० अंशांत वापरा असं छापलंय. आमच्याकडे मे महिन्यात सकाळी अकरालाच पारा चाळिशी ओलांडतो. मार्चनंतर मी उजाडताना उडवतो. तेव्हा वाराही पडलेला असतो आणि उजेडही छान मिळतो. बॅटरी गाडीच्या डिकीत विसरायची नाही. पूर्ण चार्ज करून महिनाभर कपाटातही ठेवायची नाही. लिथियम पॉलिमरचा एक सेल भरला की ४.२ व्होल्टचा होतो. ठेवून द्यायचा असेल तर ३.८ च्या आसपास, म्हणजे निम्मा भरलेला. जराही फुगली की ती बाद. दाबून परत बसवणारे महाभाग पाहिलेत मी.

नियमांचंही बघा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा तो नॅनो, त्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. २ किलोपर्यंतचा मायक्रो धंद्यासाठी नसेल तर त्यालाही लागत नाही. पण उडवायच्या जागेचं बंधन आहेच. सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावर नकाशा आहे. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत, लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय अजिबात नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच, म्हणजे जळगावकरांनी नकाशा उघडल्याशिवाय बॅटरी लावू नये. आणि ऑर्डनन्स फॅक्टरी, यार्ड, दीपनगरचं वीज केंद्र, या बाजूला मी ड्रोनची बॅगही उघडत नाही.

पाचोरा
भरीत पार्टीत उडवला होता. काड्यांच्या धुरात कोणी दिसलं नाही. पण भरीत चांगलं झालं होतं.

नंदुरबार, कॉलेजात आहे
दादा, माझ्याकडे टेलो नावाचा छोटा ड्रोन आहे, सीनियरकडून घेतलेला. वजन ८० ग्रॅम, ७२० पी व्हिडिओ, ५ मेगापिक्सेल फोटो. कंपनी १३ मिनिटं सांगते, तेवढी काही मिळत नाहीत. कागदावर सरांच्या घडीच्या ड्रोनसारखाच, पण चित्र स्थिर येतं आणि हात सोडले की जागेवर थांबतो. आकडे तेच, आतलं काम वेगळं. शिवाय स्क्रॅच या मुलांच्या प्रोग्रॅमिंगमध्ये पडद्यावरचे ठोकळे जोडून तो उडवता येतो, घरातल्या लहान भावंडांना त्याचंच जास्त वेड. जीपीएस नाही, रेंज १०० मीटरची, आणि वारा अजिबात सोसत नाही. तोरणमाळला नेला होता. तलावाकाठी बॅगेतून काढला आणि झाडं डोलताना बघून परत ठेवला.

मला लिहायचंय ते माणसांबद्दल. २०२४ साली ‘चोर ड्रोनने पाळत ठेवतात’ अशी अफवा पुणे-मराठवाड्याकडे उठली होती, ती व्हॉट्सॲपवरून आमच्या गावातही पोचली. तेव्हापासून मी उडवण्याआधी पोलीस पाटलांना फोन करते, संध्याकाळ झाली की बंद. पहिल्यांदा गावात काढला तर शेजारच्या आजी ओट्यावरून उठून आल्या: “हाई काय शे वं माय?” मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांना स्वतःच्या घराचं पत्र्याचं छप्पर दिसलं, त्यावर वाळत घातलेल्या मिरच्या दिसल्या. मग त्यांनीच सगळ्या गल्लीला बोलावलं. पडदा दाखवला की संशय जातो. दुसऱ्याच्या अंगणावर, न्हाणीघराच्या बाजूला नेऊ नये हे सांगायला लागू नये, पण मुलगी म्हणून सांगतेच.

साक्री
ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. हलक्या ड्रोनच्या माहितीत ‘वारा लेव्हल ५’ असतं, म्हणजे ताशी साधारण ३८ किलोमीटरपर्यंतचा वारा सोसतो. हाताला लागणारा वारा आणि शंभर फुटांवरचा वारा यात जमीन-अस्मानाचा फरक. आधी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जा, परत येताना वारा ढकलतो. उलट केलं तर जाताना मजा वाटते आणि येताना अर्धी बॅटरी संपूनही ड्रोन तिथल्या तिथेच.

धुळे, मोबाइल दुरुस्ती
दुकानात लोक मोडलेले ड्रोन आणतात म्हणून लिहितो. परदेशातून तयार ड्रोन आणायला ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेसाठी सवलत आहे, सुटे भागही येतात. म्हणजे एखादा मोठ्या परदेशी ब्रँडचा ‘नवा सीलबंद’ ड्रोन देतोय, तर वॉरंटी कोण देणार आणि पक्कं बिल मिळणार का, एवढे दोन प्रश्न विचारा. एका गिऱ्हाइकाने महागडा घेतला, गिंबलची (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या फिरत्या चौकटीची) पट्टी तुटली, विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. घेण्याआधी जादा बॅटरी, पाती आणि ड्रोनचा एक हात (मोटर बसते ती दांडी) यांची किंमत काढा. नुसती बॅटरी मिळत नसेल तर तो ड्रोन सोडा, कितीही छान असो. एका बॅटरीवर हौस भागत नाही.

पंधरा-वीस हजारांत जीपीएस, ब्रशलेस मोटर आणि २५० ग्रॅमच्या आत वजन एवढं जमतं. तीन अक्षांचा खरा गिंबल या पैशात नव्या ड्रोनला मिळणं कठीण. ‘ईआयएस’ (इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण) म्हणजे गिंबल नव्हे. ते चित्राच्या कडा कापून हालचाल लपवतं.

धागाकर्ता, चोपडा
सगळ्यांचे आभार. गिंबलचा विचार सोडला. जीपीएस, ब्रशलेस, दोन बॅटऱ्या, पक्कं बिल. तोवर पुतण्याचं खेळणं मागून आणलंय बोटं बसवायला. पण ते उचलल्या उचलल्या उलटं पडतंय, मोटरी चारही फिरतात. काय असेल?

धुळे, मोबाइल दुरुस्ती
पाती बदलली होती का? दोन पाती घड्याळाच्या दिशेची, दोन उलट्या दिशेची असतात, तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर सारखी. मुळाशी ए आणि बी बारीक कोरलेलं असतं, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. तीच अक्षरं ड्रोनच्या हातावरही असतात.

धागाकर्ता, चोपडा
मागची दोन अदलाबदल झालेली. उडालं भो!