मदत हवी आहे: डिस्कच्या ऑपरेशननंतर कळ गेली, पण पावलातला बधिरपणा आणि मुंग्या जात नाहीत

नमस्कार मंडळी,

माझं कमरेचं ऑपरेशन होऊन दुसरा महिना संपत आलाय. एल५-एस१ ची, म्हणजे कमरेच्या सगळ्यात खालच्या मणक्याखालची गादी उजवीकडे बाहेर येऊन एस१ नस दाबत होती, म्हणून मायक्रोडिस्केक्टॉमी केली, म्हणजे छोट्या छेदातून गादीचा बाहेर आलेला भाग काढला. कुल्ल्यापासून टाचेपर्यंत जाणारी ती जीवघेणी कळ मी शुद्धीवर आले तेव्हाच गेलेली होती. त्याबाबतीत मी सर्जनची ऋणी आहे. प्रश्न उरलाय तो पावलाचा.

उजव्या पावलाची बाहेरची कड, करंगळी आणि तळव्याचा त्या बाजूचा भाग अजून बधिर आहे. चालताना चप्पल निसटली तरी कळत नाही, खाली बघितलं की कळतं. आंघोळीचं पाणी डाव्या पायाला गरम लागतं, उजव्या कडेला नुसतं ओलं लागतं. दोन्ही पायांच्या चवड्यांवर उभी राहू शकते, पण एकट्या उजव्यावर टाच उचलायला गेले तर पोटरी साथच देत नाही.

एवढंच असतं तर मी धीर धरला असता. पण ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी नवीनच प्रकार सुरू झाले. रात्री त्याच बधिर भागात मुंग्या येतात, मध्येच करंट मारल्यासारखं होतं. चादर नुसती घासली तरी आग होते. आधीच जिथे काही जाणवत नाही, तिथे आग कशी होते, हे मला समजत नाही. पोटरीचा स्नायू आपोआप फडफडतो, कातडीखाली दिसतो सुद्धा.

तपासणीत घोट्याचा रिफ्लेक्स (टाचेमागे हातोडी मारल्यावर पाऊल आपोआप हलतं ते) आला नाही. डॉक्टर म्हणाले, तो कदाचित कधीच परत येणार नाही, पण नुसत्या त्याने काही अडत नाही. रात्रीसाठी प्रीगाबालिन (नसेच्या दुखण्यावरचं औषध) दिलंय आणि ‘नसेला वेळ लागतो’ असं सांगितलंय. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पण पुढच्या तपासणीपर्यंत घरी बसून मला कसं ओळखता येईल, की नस बरी होतेय म्हणून बोलतेय, की पुन्हा दबलीय म्हणून? ज्यांनी हे भोगलंय किंवा ज्यांचं हे काम आहे, त्यांनी कृपया सांगा. रात्री झोप लागत नाही ती मुंग्यांपेक्षा या विचाराने.

प्रतिसाद

ताई, माझी एल४-एल५ ची, म्हणजे एक मणका वरच्या गादीची सर्जरी झाली होती, डाव्या बाजूची. माझा अंगठा वर उचलत नव्हता आणि पाऊल फरफटत होतं. तुमच्यासारख्याच मुंग्या मलाही उशिरा सुरू झाल्या आणि मीही असाच घाबरलो होतो.

माझ्या सर्जनने समजावलं ते सांगतो. बहुतेकांमध्ये आधी कळ जाते, मग ताकद येते आणि बधिरपणा सगळ्यात शेवटी, तोही पूर्ण जाईलच असं नाही. नसेचं नुसतं आवरण दुखावलं असेल तर काही आठवड्यांत ते बऱ्यापैकी सावरतं. आतले तंतूच तुटले असतील तर ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात, म्हणजे महिन्याला जेमतेम इंचभर. कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर बघा, म्हणजे पावलाची पाळी शेवटी का येते ते कळेल. सावरणारी नस उगाच संदेश पाठवत राहते, मेंदूला ते मुंग्या, आग, करंट असे जाणवतात. स्पर्श नीट पोचत नाही आणि आग मात्र होते, हे एकाच जागी होऊ शकतं.

माझा अंगठा बराच सुधारला. पावलाच्या वरच्या बाजूला थोडी बधिर जागा राहिली आहे, ती आता मुद्दाम हात लावला तरच आठवते. दोन महिन्यांत निकाल लावू नका. वर्षभर सुधारणा होत राहते, काहींना त्याहूनही जास्त वेळ लागतो.

प्रतिसाद

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ताई, तुम्हाला न तपासता निदान सांगणार नाही, पण काय बघायचं ते सांगते.

मुंग्या आहेत की नाहीत यापेक्षा त्या कुठे सरकतायत ते बघा. त्रासाची जागा पायातून वर कमरेकडे सरकत असेल, किंवा आकसत असेल, तर साधारणपणे चांगलं. खाली उतरत असेल, किंवा खोकला-शिंक आली की कमरेतून थेट पायात कळ जात असेल, तर डॉक्टरांना लगेच कळवा. दुसरी गोष्ट ताकद. ती हळू वाढली तरी चालेल, पण आलेली ताकद कमी होता कामा नये. बसणं वाढलं किंवा चालणं जास्त झालं की एक-दोन दिवस त्रास वाढतो आणि मग ओसरतो. पुन्हा गादी सरकली तर सहसा ती जुनी कळ परत येते आणि ओसरत नाही.

हे मात्र नीट वाचा. लघवी अडकणं किंवा लागल्याचं न कळणं, शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा, दोन्ही पायांत अशक्तपणा: यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता तातडीच्या विभागात जायचं. ताप, जखमेतून स्राव, पोटरी सुजून गरम होणं आणि दुखणं, यालाही त्याच दिवशी डॉक्टर हवेत.

एमआरआयची घाई बरेच जण करतात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत त्या जागी सूज आणि भरणारी जखम दिसतेच, आणि बरं वाटणाऱ्या माणसाचाही रिपोर्ट भीतीदायक येऊ शकतो. खरंच गरज पडली तर कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं औषध, ज्याने चित्रात फरक दिसतो) देऊन करतात, म्हणजे व्रणाची ऊती आणि नव्याने सरकलेली गादी वेगळी ओळखता येते. एनसीव्हीचंही (नसेतून संदेश कसा जातो ते बघणारी तपासणी) तसंच आहे. मुळाशी दबलेल्या नसेत स्पर्शाची एनसीव्ही बऱ्याचदा नॉर्मल येते, स्नायूत सुई घालून केलेल्या ईएमजीतून जास्त कळतं.

घरी एक करा. भिंतीला हात टेकून दोन्ही टाचा उचला, मग वजन थोडं उजव्यावर घेत सावकाश खाली या. उतरतानाही पोटरी काम करते आणि त्यातून ती घडते. नसेचे व्यायाम फिजिओने दाखवले असतील तर हलकेच करा, ताणून धरून ठेवू नका. दुखावलेल्या नसेला ताण सोसत नाही. बधिर भागाला गरम पाण्याची पिशवी नको, भाजलं तरी कळणार नाही. रोज रात्री ते पाऊल डोळ्यांनी तपासा. बी१२ आणि साखर तपासून घ्या, बी१२ कमी किंवा साखर जास्त असली तर नसांची दुरुस्ती रखडते. प्रीगाबालिन मनाने अचानक बंद करू नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. तुम्ही सांगितलं तसं आज लक्ष देऊन बघितलं. शिंकेने पायात काही जात नाही. सुरुवातीला मुंग्या पोटरीच्या मध्यापासून असायच्या, आता घोट्याच्या खालीच असतात. हे खाली उतरणं म्हणायचं की आकसणं? भिंतीला टेकून आज उजवी टाच बोटभर उचलली गेली, आधी तेवढीही उचलत नव्हती. बी१२ ची तपासणी उद्या करते.

प्रतिसाद

मी फिजिओ. हे आकसणं. वरचा भाग मोकळा झालाय आणि खाली नवीन जागा धरलेली नाही. मुंग्या आहेत तो भाग पायावर पेनने आखून फोटो काढून ठेवा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा आखा. पुढच्या तपासणीला दोन्ही फोटो आणि टाच किती उचलते ते डॉक्टरांना दाखवा, त्यांनाही तुलना करता येईल.

प्रतिसाद

आणि ताई, मी एल४-एल५ वाला. चादरीच्या आगीसाठी मी केलं ते सांगतो. झोपताना सैल सुती मोजा घालायचो, घासणं थांबलं की आग निम्मी व्हायची. दिवसा मात्र मोजा काढून त्या जागेवर आधी मऊ कापड, मग टॉवेल असं रोज थोडा वेळ फिरवायचो. तुमच्या फिजिओला विचारून सुरू करा.