मदत हवी आहे: बाबांना शुगर, ईसीजी नॉर्मल, तरी हार्टची टेस्ट करायची का? (पुणे)

स्वारगेटवाला
बाबांना शुगर आहे. ईसीजी नॉर्मल आलाय. फॅमिली डॉक्टर म्हणतात, तरी एकदा हार्टचं बघून घ्या. बाबा म्हणतात, मला काही होत नाही, पैसे कशाला घालवता. आतेभाऊ म्हणतो, सरळ सीटी अँजिओ (डाय टोचून हृदयाच्या शिरांचं स्कॅन) करून टाक. टीएमटी (पट्ट्यावर चालवून ईसीजी), टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) की सीटी, तेवढं सांगा. शनिवारी सुट्टी आहे, त्यात उरकायचंय.

सोनचाफा
वय? शुगर किती वर्षं? बीपी, तंबाखू, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी)? गोळ्या कुठल्या? काहीच न सांगता विचारलंत तर कोण काय सांगणार?
आणि आरामात पडून काढलेला ईसीजी नॉर्मल असला म्हणजे ब्लॉकेज नाहीत असं नाही.

पेठी
टीएमटी करा. मी दरवर्षी करतो. डॉक्टर म्हणतात, काका, तरुणांना लाजवाल.

स्वारगेटवाला
@पेठी काका, बाबांचे गुडघे दुखतात, पट्ट्यावर पळणार कसे?
@सोनचाफा ६४. मी शाळेत होतो तेव्हापासून शुगर आहे. बाकी सगळं ठीक. आता सांगा.

अर्धापाव
काही त्रास नाही ना? मग कुठलीच नको. २००९ साली डायड नावाचा अभ्यास आला. टाइप २ मधुमेहाचे, हृदयाचं कुठलंही लक्षण नसलेले ११२३ लोक. साधारण निम्म्यांचं न्यूक्लिअर स्कॅन केलं, उरलेल्यांचं नाही. पुढची काही वर्षं लक्ष ठेवलं, हार्ट अॅटॅक आणि हृदयविकाराच्या मृत्यूंत लक्षणीय फरक नाही. २०१४ च्या फॅक्टर-६४ मध्ये सीटी अँजिओ करून पाहिलं, ९०० जण, तीच कथा. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी), बीपी आणि शुगर सांभाळा. हे 'फुल बॉडी' पॅकेजवाले लोकांना घाबरवून पैसे काढतात.

सोनचाफा
अभ्यास बरोबर आहेत, पण ते लक्षणं नसलेल्यांचे. इथे 'त्रास नाही' हे कोण म्हणतंय? बाबा. जुन्या मधुमेहात हृदयाकडच्या नसाही बोथट होतात, छातीत दुखतच नाही. दम लागतो, घाम फुटतो, नाहीतर नुसता थकवा येतो, आणि माणूस वयावर ढकलतो. 'दुखतं का' असं विचारू नका. मागच्या दिवाळीला सहज करत होते आणि आता टाळतात, असं काही आहे का ते बघा. बाबांना नको, आईला विचारा.

वैद्यबुवा
अर्जुनाची साल दुधात उकळून रोज सकाळी. आमच्या सासऱ्यांचे ब्लॉकेज विरघळले.

अर्धापाव
@वैद्यबुवा विरघळले हे कशावरून? पुन्हा अँजिओग्राफी केली होती का?

वैद्यबुवा
चेहऱ्यावर तेज आलं की कळतं. तुम्हाला प्रत्येक गोष्टीचा कागद लागतो.

स्वारगेटवाला
आईला विचारलं. पर्वती पूर्वी एका दमात चढायचे, हल्ली मध्ये दोनदा बसतात. 'गर्दी असते' म्हणून सांगतात. पहाटे पाच वाजता कसली गर्दी! संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर खोल वळ दिसतात. महिन्याभरापासून उशा दोन लागतात, आईला वाटलं मानेचं आहे. शुगरच्या गोळीच्या पाकिटावर ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन, पायोग्लिटाझोन असं तिन्ही लिहिलंय.

सोनचाफा
अहो, हे आधी सांगायचं! आता प्रश्न 'टेस्ट करू का' हा राहिलाच नाही. पायोग्लिटाझोनने अंगात पाणी साठू शकतं, पाय सुजतात. आडवं पडल्यावर दम लागतो म्हणूनही उशा वाढतात. हे हार्ट फेल्युअर (हृदयाचं पंपिंग कमी पडणं) असू शकतं, आणि तसं असेल तर ते औषध चालत नाही. पण गोळी परस्पर बंद करू नका, तिघं एकत्र आहेत, शुगर उसळेल. आज फॅमिली डॉक्टरांना फोन करून पाय आणि उशा दोन्ही सांगा. शनिवारची वाट नको, उद्या-परवात कार्डिओलॉजिस्ट गाठा. एको आणि एनटी-प्रोबीएनपी ही हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी होईल बहुतेक. एकोत ईएफ (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलतं) ६० आला म्हणून निर्धास्त होऊ नका. मधुमेहात हृदय ताठर होतं, आकुंचन चांगलं पण सैल पडत नाही, तेव्हा डायस्टोलिक फंक्शनचं विचारा. बसल्या जागी दम लागला, गार घाम आला, तर अपॉइंटमेंट बिपॉइंटमेंट नाही, १०८ लावा.

अर्धापाव
दम आणि सूज असेल तर तपासायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पॅकेजवाल्यांबद्दलचं मत कायम.

पेठी
पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. मी अजून न थांबता चढतो. खाली गाड्या कशाही लावतात, त्यावर कोणी बोलत नाही.

मीपण
माझी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.१ आहे, वय ३८. मी पण एको करू का?

सोनचाफा
@मीपण वेगळा धागा काढा, प्लीज.

स्वारगेटवाला
उद्या सकाळची वेळ मिळाली. बाबा चिडलेत, पण येतायत. सीटी अँजिओचं मात्र कोणीच नीट सांगितलं नाही, आतेभाऊ सारखा फोन करतोय.

सोनचाफा
सीटीला डाय लागतो, किडनी ठीक हवी. शिवाय इतक्या वर्षांच्या शुगरमध्ये शिरांत कॅल्शियम जास्त असेल तर चित्र स्पष्ट येत नाही. सीटी लागेल का ते एको बघून कार्डिओलॉजिस्टच ठरवतील. क्रिएटिनिनचा शेवटचा रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. आतेभावाचा फोन सायलेंटवर टाका.