मदत हवी आहे: मालदीवला सीप्लेन मिळणार नाही म्हणताहेत, उद्यापर्यंत उत्तर द्यायचंय

सई_ठाणे
दिवाळीच्या सुट्टीत मालदीवला निघालोय. सहा जण, चार रात्री. रिसॉर्ट बुक आहे, विमानाची तिकिटंही काढून झाली. आज रिसॉर्टची मेल आली की आमच्या विमानाच्या वेळेला मालेहून बेटावर नेणारं सीप्लेन (पाण्यावर उतरणारं छोटं विमान) मिळणार नाही, पर्यायी व्यवस्था कळवा. आता पर्यायी व्यवस्था मी काय कळवणार? एजंट 'बघतो मॅडम' म्हणतो आणि ठेवून देतो. उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर हवंय त्यांना. बाकी सगळं ठरलेलं आहे, एवढंच अडलंय. कृपया लवकर सांगा.

खलाशी
तीन गोष्टी सांगा. विमान मालेला किती वाजता टेकतं, परतीचं किती वाजता सुटतं, आणि रिसॉर्ट कोणत्या अटॉलमध्ये, म्हणजे प्रवाळबेटांच्या कोणत्या कड्यात, आहे. यांच्याशिवाय कोणीही काही सांगितलं तरी तो अंदाजच.

देवगडकर
एवढा खटाटोप कशाला ताई? अंदमानला चला. श्री विजयपुरमपर्यंत विमान, तिथून फेरीने स्वराजद्वीप, राधानगरचा किनारा. पासपोर्ट नको, डॉलर नकोत, जेवणाचा प्रश्न नाही.

मृण्मयी_क
देवगडकर, तिकिटं काढून झाली आहेत. त्यांनी कुठे जाऊ असं विचारलेलं नाही.

सई_ठाणे
विमान मालेला संध्याकाळी ५:०५ ला उतरतं. रिसॉर्ट बा अटॉलमध्ये. परतीचं सकाळचं आहे, पण परतीबद्दल त्यांनी काही कळवलेलं नाही, प्रश्न जातानाचाच आहे.

खलाशी
५:०५ म्हणजे सीप्लेन विसराच. ती फक्त उजेडात उडतात आणि उजेडातच पाण्यावर उतरतात. नोव्हेंबरात मालेला पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. इमिग्रेशन, सामान, कस्टम्स यात पाऊण ते एक तास जातो, मग बसने सीप्लेन टर्मिनलला, तिथे सामानाचं वजन, आणि पुढे बा अटॉलपर्यंत निदान अर्धा तास. मध्ये दुसऱ्या रिसॉर्टला थांबलं तर आणखी. म्हणून बहुतेक रिसॉर्ट साडेतीनच्या आत उतरणारं विमान मागतात. रिसॉर्ट अडवणूक करत नाहीये. ही गोष्ट तिकिटं काढताना एजंटने सांगायला हवी होती.

सकाळी म्हणजे नक्की किती वाजता? जातानाइतकाच तो प्रश्न मोठा आहे.

अटॉलवेडा
सोपा उपाय आहे. पहिली रात्र हुलहुमाले बेटावर काढा. विमानतळाला रस्त्याने जोडलेलं आहे, टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं, सगळ्या दरांची हॉटेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सीप्लेन घ्या. वरून दिसणारी ती निळी-हिरवी वर्तुळं सोडू नका, मालदीवची अर्धी मजा तिथेच आहे. रिसॉर्टची बुक केलेली पहिली रात्र वाया जाऊ देऊ नका, मुक्काम एक दिवस पुढे सरकवून मागा.

सई_ठाणे
पुढे सरकवता येणार नाही, परतीची तिकिटं पक्की आहेत. सुटतं सकाळी ८:४० ला.

खलाशी
मग अटॉलवेडा यांचा उपाय बाद. सकाळी ८:४० च्या विमानाचं काउंटर ७:४० ला बंद होतं. सूर्योदय सहाच्या आसपास. पहिलं सीप्लेन मालेहून उजेडात निघणार, बा अटॉलला येऊन तुम्हाला उचलणार, परत जाणार. सात वाजून गेल्यावर टर्मिनल, तिथून बस. सहा माणसं आणि सामान घेऊन हे जमत नाही, रिसॉर्ट कबूलही करणार नाही. म्हणजे सीप्लेन धरलं तर पहिली रात्रही हुलहुमालेला आणि शेवटचीही. चारातल्या दोनच रात्री रिसॉर्टवर राहतात.

अटॉलवेडा
परतीची वेळ आधी सांगितली नव्हती. तरी माझं म्हणणं, किमान एका बाजूने तरी सीप्लेन घ्या.

पुष्कर७
खासगी स्पीडबोट करा. माले विमानतळाच्या धक्क्यावरूनच सुटते, रात्री केव्हाही. सहा जणांत भाडं वाटलं जातं.

खलाशी
पुष्कर, बा अटॉल म्हणजे विमानतळाजवळचं उत्तर माले अटॉल नव्हे. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. निम्म्याहून जास्त रस्ता अटॉलच्या बाहेरच्या उघड्या समुद्रातला, आणि तोही रात्रीचा. अडीच तास बोट लाटांवर आपटत जाते. वीस ते पन्नास मिनिटांत पोहोचणाऱ्या रिसॉर्टसाठी स्पीडबोट उत्तम, इथे नाही. शिवाय सहा जण म्हणजे कोण कोण, ते अजून कळलेलं नाही.

सई_ठाणे
आम्ही दोघं, सासू-सासरे, दोन मुलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिने कमीत कमी हवेत. मुलगा ८ वर्षांचा, मुलगी ३ ची.

खलाशी
मग ऐका. बा अटॉलमध्ये धरवंधू नावाचं बेट आहे, तिथे देशांतर्गत विमानतळ आहे. मालेहून साधारण वीस-पंचवीस मिनिटं. साधं चाकांवर उतरणारं विमान, धावपट्टी, दिवे. त्यामुळे अंधार पडल्यावरही येतं-जातं. तिथून रिसॉर्टची स्पीडबोट, आणि ती अटॉलच्या आतल्या शांत पाण्यातून. जाताना आणि येताना दोन्ही वेळा हेच मागा. खर्चही सहसा सीप्लेनपेक्षा कमी येतो.

रिसॉर्टला नेमकं विचारा. तुमच्या दिवशी ५:०५ नंतरचं पहिलं आणि शेवटचं देशांतर्गत विमान किती वाजता? मुंबईचं विमान उशिरा आलं तर पुढच्या विमानात बसवणार का, आणि पुढचं नसेल तर रात्रीच्या हॉटेलचा खर्च कोणाचा? धरवंधूहून रिसॉर्टला बोट किती मिनिटं? ८:४० साठी सकाळचं कोणतं विमान, आणि रिसॉर्टहून बोट किती वाजता? तिकीट तुम्ही वेगळं काढू नका, त्यांनाच काढू द्या. उशीर झाल्यावर जबाबदारी त्यांच्याकडे राहते.

सामान मालेला ताब्यात घेऊन पुन्हा देशांतर्गत काउंटरवर द्यावं लागतं. मर्यादा सहसा माणशी २० किलो आणि हातात ५. औषधं, मुलांचे कपडे, पोहण्याचे कपडे हातातल्या बॅगेतच ठेवा.

मृण्मयी_क
सासूबाईंसाठीही हेच बरं. सीप्लेनला चढायला अरुंद शिडी असते, आत वाकून चालावं लागतं, आणि बऱ्याच ठिकाणी उतरायचं असतं ते समुद्रात तरंगणाऱ्या फळकुटावर. तिथून पुन्हा लहान बोट. स्पीडबोटीतही धक्क्यावरून पाय खाली टाकावा लागतो, पण दोन माणसं हात धरू शकतात. 'वयस्कर प्रवासी, गुडघेदुखी' असं मेलमध्ये स्पष्ट लिहा म्हणजे धक्क्यावर बग्गी येते.

आता खोल्या कोणत्या घेतल्यात?

सई_ठाणे
दोन वॉटर व्हिला, पाण्यात खांबांवर उभे असतात ते. सासऱ्यांची इच्छा होती. त्याचा सीप्लेनशी काय संबंध?

मृण्मयी_क
सीप्लेनशी नाही, मुलीशी आहे. वॉटर व्हिलाच्या गच्चीला बहुतेक वेळा कठडा नसतो आणि पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. काही रिसॉर्ट १२ वर्षांखालच्या मुलांना तिथे घेतच नाहीत, काही जबाबदारी तुमची असं लिहून घेतात. व्हाउचरवरची बारीक अक्षरं वाचा. तीन वर्षांचं मूल दार सरकवून बाहेर जातं. चार रात्री तुम्ही दोघं आळीपाळीने पहारा द्याल.

एक व्हिला किनाऱ्यावरचा मागा, जमिनीवरचा, आणि त्यात तुम्ही नि मुलं राहा. वॉटर व्हिला सासू-सासऱ्यांना द्या, पण तिकडे जाणाऱ्या लाकडी पुलाच्या किनाऱ्याकडच्या टोकाशी जितका जवळ मिळेल तितका. पुलाच्या समुद्राकडच्या टोकापासून जेवणघर कधीकधी अर्धा किलोमीटर असतं.

अटॉलवेडा
असहमत. एवढा खर्च करून मुलांना वॉटर व्हिलातून मासे दाखवायचे नाहीत? कठडा असलेले व्हिलाही मिळतात, रिसॉर्ट जाळी लावून देतं. मागून बघा.

मृण्मयी_क
कठडा असेल तर माझी हरकत नाही. पण तो आहे की नाही हे लेखी घ्या. दिवसा आजी-आजोबांच्या व्हिलात जाऊन मुलं मासे बघतीलच, झोपायला मात्र जमिनीवर.

नंदूकाका
दिवाळीत जाताय म्हणून सांगतो. फराळ न्या, पण बंद पाकिटात, आणि वजनात धरा. पूजेची मूर्ती नेऊ नका, लहान पितळी गणपतीही नको. मालदीवच्या कस्टम्सच्या यादीत पूजेच्या मूर्तींना बंदी आहे. विमानतळावरच्या दुकानातली दारूही चालत नाही. ती मालेला काढून घेतात, पावती देतात आणि परतताना देतात. ई-सिगारेट आणायलाही बंदी आहे. येताना मुलांनी खिशात शिंपले-प्रवाळ भरले नाहीत ना ते बघा, प्रवाळ बाहेर नेणं गुन्हा आहे. पणती लावायची असेल तर रिसॉर्टला विचारून, गवताची छपरं असतात.

पुष्कर७
कर तपासलेत का? एजंटने दिलेल्या दरापुढे अधिकची दोन चिन्हं असतील तर सेवाशुल्क आणि कर वेगळे. १००० डॉलरवर आधी १० टक्के सेवाशुल्क, ११०० झाले. त्या ११०० वर १७ टक्के पर्यटन कर, १२८७. शिवाय रिसॉर्टवर माणशी रात्रीला १२ डॉलर हरित कर. त्यातून दोन वर्षांखालच्या मुलांनाच सूट, तुमची तीन वर्षांची लेक त्यात बसत नाही. सहा जण, चार रात्री, २८८ डॉलर. एजंटने धरलेत की नाही ते लेखी विचारा, नाहीतर निघताना बिलात येतील.

सई_ठाणे
हरित कर धरलेला नाही! व्हाउचरवर लिहिलंय की तो जागेवर भरायचा. आणि व्हिलांच्या खाली 'लहान मुलांसाठी हमीपत्र' असंही आहे. हे मी वाचलंच नव्हतं.

देवगडकर
जेवण कोणतं घेतलंय? शाकाहारी असाल तर अवघड आहे.

मृण्मयी_क
अवघड नाही. भारतीय पाहुणे बरेच असतात, डाळ-भात-पोळी सांगितली की करतात. पण आधी कळवावं लागतं, आणि माशाचा सॉस नको हे वेगळं सांगावं लागतं. खरी मेख दुसरीच आहे. तीन वेळच्या जेवणाच्या योजनेत जेवताना घेतलेलं पिण्याचं पाणीसुद्धा पुष्कळ ठिकाणी धरत नाहीत. बेटावर दुकान म्हणजे रिसॉर्टचंच. लेकीच्या दुधाची पावडर, डायपर आणि नेहमीची औषधं घरूनच न्या. मुलांच्या क्लबात तीन किंवा चार वर्षांपासून घेतात, आणि डायपर सुटलेला असावा लागतो.

खलाशी
पाण्याबद्दलही विचारून ठेवा. व्हिलासमोर उथळ लगून (प्रवाळाच्या आतलं शांत पाणी) आहे की प्रवाळाची कड? कडेशी पाणी एकदम खोल होतं, आणि प्रवाळातल्या फटीतून भरती-ओहोटीचा प्रवाह बाहेर ओढतो. मोठी माणसंसुद्धा तिथे वाहत जातात. किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी जीवरक्षक नसतो. मुलांची लाइफ जॅकेटं जलक्रीडेच्या केंद्रात मिळतात, पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा. पाण्यात जाड तळाचे बूट घाला, अग्निप्रवाळाने पाय भाजल्यासारखा होतो.

सई_ठाणे
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मेल टाकली, आत्ता उत्तर आलं. धरवंधूचं विमान संध्याकाळी ७:१० चं, आणि नंतर ९ वाजता आणखी एक आहे. उशीर झाला तर त्यात बसवतील. बोट पंधरा मिनिटं. एक व्हिला किनाऱ्यावरचा करून देताहेत, दरातला फरक जेवणाच्या बिलात वळता करणार. परतीला रिसॉर्टवरून बोट सकाळी ५:३० ची, विमान ५:१५ चं... हे काय लिहिलंय? बोटीच्या आधी विमान कसं?

खलाशी
ती चूक नाही. बऱ्याच रिसॉर्टवर घड्याळ मालेपेक्षा एक तास पुढे ठेवतात, संध्याकाळ लांबावी म्हणून. मालेची वेळ भारतापेक्षा अर्धा तास मागे, रिसॉर्टची अर्धा तास पुढे. बोट बेटाच्या वेळेने ५:३० ला, म्हणजे मालेचे ४:३०. विमान मालेच्या वेळेने ५:१५ ला. मालेला ५:४० पर्यंत पोहोचाल, ८:४० साठी पुरेसा वेळ आहे. पण प्रत्येक वेळेपुढे 'बेटाची' की 'मालेची' हे लिहून मागा, आणि फोनचं घड्याळ त्या रात्री आपोआप बदलू देऊ नका.

मृण्मयी_क
नाश्त्याचे डबे आदल्या रात्री सांगून ठेवा, इतक्या पहाटे जेवणघर बंद असतं. आणि 'इमुगा'चा, म्हणजे मालदीव सरकारचा ऑनलाइन प्रवासी फॉर्म विमान सुटण्याआधीच्या ९६ तासांतच भरायचा, सहा जणांचे सहा, जाताना आणि परतताना दोन्ही. तो फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही.

सई_ठाणे
लिहून घेतलं. बेटाची की मालेची हे विचारणारी मेल आत्ताच टाकते.