बांगलादेशी घुसखोरी: कुंपण आधी की कागद आधी?

बांधावरचा (धागाकर्ता)

मुंबई-ठाण्यात छापा पडला, इतके बांगलादेशी पकडले, ही बातमी आता लोकल उशिरा धावतेय याइतकीच नित्याची झाली आहे. गोठ्याला दार नाही आणि आपण शिवारभर गुरं हुडकत फिरतोय. माझं म्हणणं एवढंच, की आधी दार लावा.

२०२५ च्या सुरुवातीला केंद्राने संसदेत दिलेले आकडे पाहा. सीमा ४०९६.७ किमी, त्यातली २२१६.७ एकट्या पश्चिम बंगालात. कुंपण झालं सुमारे ३२३२ किमी, बाकी ८६४. त्यातही नदीपात्र, दलदल अशी कुंपण घालताच येणार नाही ती जागा १७५ किमीच्या आसपास. म्हणजे जवळजवळ ६९० किमी सीमा उघडी आहे ती निसर्गामुळे नाही. भूसंपादन रखडलंय, काही ठिकाणी पलीकडचे आक्षेप आहेत. हे पूर्ण करा, मग मिरा रोडला छापे घालायची वेळच येणार नाही.

खारफुटी

काका, कुंपण नकाशावरच्या रेघेवर नसतं हो. १९७५ च्या उभयपक्षी मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे शून्य रेषेपासून १५० यार्डांच्या आत संरक्षणासाठीचं बांधकाम करता येत नाही. म्हणून कुंपण आपल्याच हद्दीत साधारण १३७ मीटर आत घ्यावं लागतं. पलीकडे उरते ती जमीन भारतीय, शेतकरी भारतीय, आणि काही ठिकाणी घरंही भारतीयांचीच. त्यांच्यासाठी कुंपणात फाटकं. ठरलेल्या वेळी उघडतात, ओळखपत्र जवानाकडे ठेवून शेतावर जायचं, फाटक बंद व्हायच्या आत परत यायचं. कुंपणालगत ताग लावू देत नाहीत, कारण पुरुषभर वाढलेल्या तागात माणूस दिसत नाही. ज्याची जमीन जाणार किंवा कुंपणापलीकडे अडकणार तो सही करताना दहादा विचार करतो, याला नुसतं राजकारण म्हणून चालत नाही.

गावाची घरंच रेषेला भिडलेली असतील तिथे १५० यार्ड सोडायचे कुठून? तिथे एकेरी कुंपण रेषेच्या जवळून घेतात आणि पलीकडून बीजीबी, म्हणजे बांगलादेशचं सीमादल, हरकत घेते. जानेवारी २०२५ मध्ये मालदा जिल्ह्यात सुकदेवपूरला हेच झालं, प्रकरण ढाक्यात आपल्या उच्चायुक्तांना बोलावण्यापर्यंत गेलं.

आणि ब्रह्मपुत्रेचं काय करणार? धुबरीला नदी बांगलादेशात शिरते तिथे दर पावसाळ्यात चर, म्हणजे नदीतली वाळूची बेटं, जागा बदलतात. आज रोवलेला खांब पुढच्या वर्षी पाण्यात. म्हणून तिथल्या ६१ किमी पट्ट्यात मार्च २०१९ पासून कॅमेरे आणि संवेदकांची यंत्रणा बसवली आहे. पण संवेदक फक्त घंटा वाजवतो. घंटा वाजल्यावर बोट किती वेळात पोचते, खरा प्रश्न तो.

बांधावरचा

अडचण आहे म्हणून ६९० किमी उघडी ठेवायची? त्रिपुराची सीमा ८५६ किमी आहे, तिथे बहुतेक कुंपण झालंच ना.

जुनी_फाईल

दोघंही सीमेवरच उभे आहात. सीमेवरची इच्छामती नदी ओलांडून आलेला माणूस हावडा-मुंबई गाडीत बसेपर्यंत कुणीच नसतो. तो इथे टिकतो तो कागदावर, आणि कागद बंगालात तयार होतो तसाच आपल्याकडेही होतो.

साखळी साधी आहे. वर्षापेक्षा जुन्या जन्माची नोंद करायची तर जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम १३(३) लागतं. २०२३ च्या दुरुस्तीआधी त्याला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा. दुरुस्तीनंतर हे काम महसूल यंत्रणेकडे, म्हणजे व्यवहारात तहसील कचेरीत आलं. ग्रामपंचायतीचा किंवा पालिकेचा 'नोंद आढळत नाही' असा दाखला, एक प्रतिज्ञापत्र, रेशनकार्डाची झेरॉक्स, आणि आदेश निघाला. तो दाखला दाखवून आधार, आधारावर पॅन, मग बँक, मग मतदारयादी. प्रत्येक टेबलवरचा बाबू आधीच्या टेबलवर विश्वास ठेवतो. पहिल्या टेबलवर कुणी बघितलंच नसेल तर पुढचे सगळे कागद खरे आणि माणूस खोटा! मालेगावात अशा दाखल्यांचं प्रकरण गाजल्यावर जानेवारी २०२५ मध्ये राज्याने अशी उशिराची प्रमाणपत्रं देणं थांबवलं, चौकशी पथक नेमलं, नंतर पोलिस अहवालासह कडक कार्यपद्धती आणली. ते दोन वर्षं आधी व्हायला हवं होतं.

काय तपासायचं तेही अवघड नाही. शाळा सोडल्याचा दाखला असेल तर त्यावरचा जनरल रजिस्टर नंबर घ्यायचा आणि शाळेत जाऊन मूळ रजिस्टर उघडायचं. त्या नंबरच्या वरची आणि खालची नोंद वाचायची. मध्येच वेगळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात, ओळींच्या फटीत नाव घुसवलेलं असेल तर ते लगेच कळतं. जुन्या जन्मासाठी कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, आहे. जातपडताळणीला आपण आजोबांचं कोतवाल बुक मागतो, मग इथे प्रतिज्ञापत्रावर कसं भागतं?

खडूस_कारकून

जुनी_फाईल यांना दंडवत. फक्त एक भर: खुद्द आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच लिहिलंय की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही ठाण्यातल्या एका आरोपीचा जामीन नाकारताना सांगितलं की आधार, पॅन, मतदार ओळखपत्र असलं म्हणून कुणी नागरिक होत नाही.

उलटतपासणी

मान्य. मग नागरिकत्व दाखवायचं कशाने, हेही सांगा. १ जुलै १९८७ च्या आधी इथे जन्मला असेल तर जन्माचा पुरावा पुरतो. त्या दिवसापासून ३ डिसेंबर २००४ च्या आधीपर्यंत जन्मलेल्याला एक पालक भारतीय दाखवावा लागतो. त्यानंतरच्याला दोघेही भारतीय, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नाही असं. आता मुर्शिदाबादहून आलेला गवंडी २००५ सालचा असेल तर त्याने मजूर नाक्यावर आई-वडिलांचे कागद खिशात घेऊन उभं राहायचं का?

ही कल्पना नाही. मे २०२५ मध्ये केंद्राने राज्यांना संशयितांची पडताळणी ३० दिवसांत उरका म्हणून सांगितलं. जूनमध्ये मुंबई परिसरातून उचललेले पश्चिम बंगालचे काही मजूर थेट पलीकडे ढकलले गेले. बंगाल पोलिसांनी कागद पाठवले, बीएसएफ आणि बीजीबीची ध्वजबैठक झाली, आणि आपलीच माणसं आपण परत आणली.

ओळखायची पद्धत काय, तर बोलीवरून. 'जल' न म्हणता 'पानी' म्हणाला की बांगलादेशी! अहो, पश्चिम बंगालचा मुसलमानही पानीच म्हणतो. मुर्शिदाबाद आणि राजशाही यांच्यामध्ये फक्त पद्मा आहे. बोली नदीच्या मध्यावर बदलत नाही.

दांडपट्टा

वकीलसाहेब, हेच ऐकत आपण वीस वर्षं घालवली. आसामसाठी १९८३ चा कायदा केला, त्यात परकीय असल्याचं सिद्ध करायचा भार सरकारवर आणि तक्रार करणाऱ्यावर टाकला. शेवटी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तो घटनाबाह्य ठरवला. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या परकीय नागरिकांविषयीच्या नव्या कायद्यातही कलम १६ सांगतं की आपण परकीय नाही हे त्या व्यक्तीने सिद्ध करायचं. पारपत्राशिवाय शिरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड. कायदा धडधडीत उभा आहे, वापरायला लाजायचं कशाला?

रीतसर हद्दपारी काय असते तेही लोकांना कळू द्या. गुन्हा, खटला, शिक्षा. मग राष्ट्रीयत्व पडताळणीचा अर्ज परराष्ट्र खात्यामार्फत बांगलादेशच्या उच्चायोगाकडे. त्यात जिल्हा, उपजिल्हा, युनियन, गाव, बापाचं नाव. पकडलेला माणूस गावाचं नाव खोटं सांगतो, तिकडचं ठाणं 'असा इसम आढळला नाही' लिहून कागद परत पाठवतं, की पुन्हा पहिल्यापासून. प्रवासपत्र येईपर्यंत त्याला सांभाळायचं आपण. म्हणून यंत्रणा थेट पलीकडे ढकलते.

उलटतपासणी

कलम १६ जुनंच आहे, १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यात ते कलम ९ होतं. पण सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२४ चा, आसामच्या रहीम अलीच्या खटल्यातला निकाल वाचा. भार माणसावर येतो, पण त्याआधी सरकारजवळ काहीतरी प्राथमिक पुरावा हवा. नुसता संशय पुरत नाही आणि नावाच्या स्पेलिंगमधल्या फरकावरून कुणाला परकीय ठरवता येत नाही. तो निकाल लागला तेव्हा अर्जदार हयात नव्हता.

आणि आसामच्या नागरिक नोंदवहीत ३१ ऑगस्ट २०१९ ला १९,०६,६५७ लोक यादीबाहेर राहिले. त्यांचं काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. घाईने मोजलं की हेच होतं. ढकलणं सोपं वाटतं, पण पडताळणी न करता ढकललेला बांगलादेशी आठवड्यात दुसऱ्या घाटाने परत येतो. त्याचे ठसे घेतलेले नसतात, पुन्हा पकडला तर तो पुन्हा 'पहिल्यांदाच'.

खारफुटी

या शेवटच्या मुद्द्यावर मात्र सहमत. ठसे आधी, बाकी मागाहून.

जुनी_फाईल

एक राहिलंच. मुकादमाचं नाव इतक्या वेळात कुणी काढलं नाही. परप्रांतातून मजूर आणणाऱ्या ठेकेदाराने नोंद ठेवायची, हे १९७९ च्या कायद्यापासून चालत आलंय. छाप्यात मजूर धरला जातो, त्याला खोली देणारा कधी कधी धरला जातो, हजेरीपत्रक मात्र कुणी मागत नाही. रोजी कमी द्यावी लागते म्हणून तर मुकादमाला तो माणूस हवा असतो.

बांधावरचा

कागदाचा मुद्दा पटला, ढकलण्याचा नाही पटला. पण ते ६९० किमी मी सोडणार नाही. हजेरीपत्रकं तपासा, शाळांची रजिस्टरं उघडा, जरूर करा. त्याला माणसं लागतील आणि ती तहसीलला नाहीत. कुंपणाला निदान एकदाच जमीन लागते. नुसता जमिनीचा मोबदला न देता, कुंपणापलीकडे अडकणाऱ्यांना अलीकडे घरंही बांधून दिली तर किती गावं राजी होतील? खारफुटी, याचं उत्तर द्या.