मदत हवी आहे: 12345678987654321 चे अवयव

नमस्कार मंडळी. आठवीतली भाची सुट्टीला आलीय. तिला मी नऊ एक्क्यांचा वर्ग दाखवला: 111111111 × 111111111 = 12345678987654321. देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांची ही 'डेम्लो' संख्या, एका रेल्वे स्टेशनच्या नावावरून ठेवलेली, हेही सांगून भाव खाल्ला. तिनं लगेच दहा एक्के घेतले. उत्तर आलं 1234567900987654321. "मामा, चढत्या बाजूचा आठ कुठे गेला?" मधल्या घरात दहा येतात, हातचा डावीकडे सरकतो आणि 8 चा 9 होतो, हे कागदावर मांडल्यावर पटलं तिला.

अडलोय पुढे. नऊ एक्क्यांचे अवयव 3 × 3 × 37 × 333667. वर्गात 3, 37 आणि 333667 यांचे घात 4, 2, 2 होतात; प्रत्येकात एक मिळवून गुणलं की विभाजकांची संख्या 5 × 3 × 3 = 45. पण 333667 मूळ संख्या आहे हे हातानं कसं दाखवायचं? वर्गमूळ 577 च्या थोडं पुढे, तिथपर्यंतच्या 106 मूळ संख्यांनी भागून बघायचं. सकाळी बसलो होतो, 83 पर्यंत येऊन चहा प्यायला उठलो तो उठलोच.

एक मित्र म्हणाला, 18 नं भागून बाकी 1 उरते अशाच मूळ संख्या तपास: 19, 37, 73, 109, 127... शेवटची 577. मोजल्या, फक्त 17 भरतात! पण बाकी 1 च का? 333667 हा 999999999 चा विभाजक आहे, त्याच्याशी संबंध असावा एवढं कळतं. आठवीच्या मुलीला समजेल असं कोणी सांगेल का? कॉम्प्युटरचं उत्तर नको, ते आहे माझ्याकडे.