रोज एक टक्का सुधारायचं, पण कशात?

उंबरठा: परवा एकाने लिहिलं, रोज एक टक्का सुधारलात तर वर्षअखेर ३७ पट व्हाल, बाकीचे आळशी. गणित चोख आहे, १.०१ चा ३६५ वा घात ३७.७८ येतो. पण माणूस कशाच्या ३७ पट होतो? मी काय मुदत ठेव आहे?

तीन वर्षं पहाटे पाचला उठले. डायरी, ध्यान, गार पाण्याची अंघोळ, सगळं केलं. तिसऱ्या वर्षी कळलं की मला पहाट आवडतच नाही, माझं डोकं रात्री दहानंतर चालतं. एवढ्याशा गोष्टीला तीन वर्षं लागली, कारण मी स्वतःला काही विचारलंच नव्हतं. नुसती दुरुस्ती चालू होती.

काटेकोर: ती पोस्ट माझी. 'आळशी' नव्हे, 'टाळाटाळ करणारे' लिहिलं होतं. माझी शुगर बॉर्डरवर आली तेव्हा डॉक्टर 'आत डोकावून बघा' म्हणाले नाहीत, चाला म्हणाले. रोज दहा हजार पावलं, चौदा महिने, एक दिवस खाडा नाही. शुगर उतरली. आता बोला.

रातकिडा: दहा हजार हा आकडा डॉक्टरांचा नाही हो, जाहिरातीचा! १९६५ मध्ये जपानात पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'मानपो-केई', दहा हजार पावलांचं मीटर. २०१९ मध्ये अमेरिकेत सोळा हजारांवर बायकांचा अभ्यास आला, सरासरी वय ७२. त्यात साडेसात हजारांच्या पुढे चालून मृत्यूचा धोका आणखी कमी होताना दिसला नाही.

काटेकोर: मी ७२ वर्षांची बाई नाही.

रातकिडा: जपानी यंत्रही नाही.

सायसाखर: पावलांचं सोडा, माझं घड्याळ झोपेला मार्क देतं. छान ताजी उठायचे, स्कोअर ६१ दिसला की लगेच अंग दुखायला लागायचं. २०१७ मध्ये झोपेच्या अभ्यासकांनी याला नावच ठेवलं, ऑर्थोसोम्निया. झोपेचे आकडे सुधारायच्या नादात झोप उडणे.

चष्मेबद्दूर: मग काढून ठेवा की घड्याळ.

सायसाखर: काढलं. आता रात्री जागी असते, झोप किती झाली ते सकाळी कोण सांगणार म्हणून.

चष्मेबद्दूर: 😂 तसंही ते हालचाल आणि ठोके बघून अंदाज बांधतं. गाढ झोप किती, हे मेंदूच्या लहरी मोजल्याशिवाय नक्की कळत नाही.

जुनापुराणा: घड्याळाला नावं ठेवू नका. माझे ठोके अनियमित आहेत हे आधी त्यालाच कळलं. मला 'आतून' काही जाणवलं नव्हतं!

चष्मेबद्दूर: काका, ठोक्यांचं कोण बोलतंय? झोपेचं चाललंय.

जुनापुराणा: काका कोणाला म्हणता?

उंबरठा: माझ्या धाग्याचं घड्याळाचं दुकान केलंत. मुद्दा एवढाच होता, सुधारण्याआधी हे आपल्याला हवंय का ते तरी बघा.

तव्यावरची: बघा ना, जरूर बघा. आमच्याकडे एक जण आठ वर्षं स्वतःला शोधतोय. दोन नोकऱ्या सोडल्या, चार शिबिरं केली. भांडी मी घासते. त्याने रोज एक टक्का जरी सुधारणा केली असती ना...

उंबरठा: तुमच्यापुढे हात टेकले. पण याला शोध नाही म्हणत, याला पळ म्हणतात.

तव्यावरची: ते बाहेरून सारखंच दिसतं, ताई.

काटेकोर: +१. हेच मी म्हणत होतो.

सायसाखर: काटेकोर, चौदा महिन्यांत एकही खाडा नाही? आजारपणातसुद्धा?

काटेकोर: एकदा ताप होता. घरातच फेऱ्या मारल्या.

सायसाखर: किती ताप?

काटेकोर: एकशे दोन. बायको ओरडली. ठीक आहे, त्या दिवशी तिचं बरोबर होतं. फक्त त्या दिवशी.

रातकिडा: पावलं किती झाली?

काटेकोर: १०,००४.